विणायला कोण शिकवते? पेडण्यातील एका सुगरण वसाहतीच्या प्रकल्प नोंदी

९ जून

प्रकल्पाचा विषय आज निश्चित झाला. उच्च माध्यमिक विद्यालयाच्या निसर्ग मंडळातील विद्यार्थ्यांनी सुरुवातीला "रानातले प्राणी कसे शिकतात" एवढा मोठा विषय सुचवला होता. तो एका पावसाळ्यात पेलणारा नाही हे त्यांनाही पटले. गोव्यातील शापोरा नदीकाठच्या खाजन शेताला (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेताला) लागून, मानशीजवळच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराजवळच्या माडांवर दरवर्षी सुगरण पक्ष्यांची वसाहत बसते. तिचेच निरीक्षण करायचे आणि मूळ प्रश्न तिच्यापुरता लहान करून विचारायचा असे ठरले: नर सुगरण एवढे गुंतागुंतीचे विणकाम कोठून आत्मसात करतो?

पूर्वपीठिका म्हणून विद्यार्थ्यांना सलीम अली यांच्या कामाची माहिती दिली. त्यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणींच्या वसाहतीचे निरीक्षण केले आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध केले. खोपा नर विणतो, तो अर्धवट झाला की मादी येऊन तपासते, तिने पसंत केला तरच तो पुरा होतो, आणि त्यानंतर तोच नर दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा सुरू करतो, ही व्यवस्था त्या निरीक्षणातून स्पष्ट झाली. पूर्ण खोप्याला साधारण १८ दिवस लागतात, त्यांपैकी टोपाच्या आकारापर्यंत पोहोचायला सुमारे ८ दिवस जातात, आणि पात्यांच्या पट्ट्या आणण्यासाठी नराच्या पाचशेपर्यंत फेऱ्या होतात.

नियम थोडेच ठेवले आहेत. बांधाच्या पलीकडून दुर्बिणीने पाहायचे, खोप्याला हात लावायचा नाही, आणि वहीत जे दिसले ते व जे वाटले ते वेगवेगळ्या पानांवर लिहायचे.

१८ जून

वसाहत अजून सुनी आहे, परंतु विद्यालयाच्या आवारातील आंब्यावर विषयाला धरून एक गोष्ट पाहायला मिळाली. कावळ्यांची जोडी कोकिळेच्या पिलाला भरवत होती. हे पिलू अंड्यातून बाहेर आल्यापासून फक्त कावळ्यांच्या सहवासात वाढले आहे, त्याने ऐकलेला जवळचा आवाज कावळ्यांचाच आहे, आणि तरीही नर असल्यास तो पुढच्या वैशाखात "कुहू"च करील. कोकिळेच्या कुळात हाक उपजत असते, शिकावी लागत नाही.

एवढ्यावरून सगळे पक्षी जन्मतःच गाणे घेऊन येतात असे एका विद्यार्थिनीने लिहिले, म्हणून दुसरी बाजूही सांगावी लागली. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याची पिले इतर चॅफिंचच्या आवाजापासून दूर ठेवून वाढवली, तेव्हा ती मोठी झाल्यावर ओबडधोबड, अपुरे गाणे गाऊ लागली. अमेरिकेत पीटर मार्लर यांनी पांढऱ्या मुकुटाच्या चिमण्यांवर काम केले. त्यात असे दिसले की पिलू साधारण १० ते ५० दिवसांचे असताना त्याच्या कानावर पडलेले गाणे मनात ठसते, मात्र ते गळ्यातून नीट उमटायला पुढे कित्येक महिने सराव लागतो. तोच प्रकार बोलीचा, कारण शेजारच्या दोन प्रदेशांतील एकाच जातीच्या चिमण्या वेगवेगळ्या ढबीने गातात.

म्हणजे एकाच झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांपैकी एकाला शिकावे लागते आणि दुसऱ्याला नाही, असे असू शकते. एवढेच नव्हे, तर एकाच पक्ष्याचे गाणे शिकलेले आणि घरटे उपजत, असेही असू शकेल. प्रत्येक वर्तनाचा निवाडा वेगळा करावा लागेल, असे पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

२ जुलै

नर आले आहेत. पिवळा माथा, काळपट चेहरा आणि सतत फडफडणारे पंख यांमुळे प्रौढ नर लगेच ओळखू येतात. त्यांनी माडाच्या झावळ्यांच्या टोकांना वेढे घालायला सुरुवात केली आहे. पद्धत पाहण्यासारखी आहे. नर भाताच्या किंवा लव्हाळ्याच्या पात्याला कडेने चोचीने चीर देतो, चिरेचे टोक धरून उडतो, आणि त्या झेपेच्या ओढीनेच लांब पट्टी फाटून निघते. मग ती पट्टी पायाखाली दाबून तो चोचीने तिचे टोक झावळीभोवती फिरवतो, पट्टीच्याच खालून ओढून घेतो आणि पुन्हा उलट दिशेने नेतो. पहिले काही वेढे पक्के बसले की त्यांच्यावर एक कडी तयार होते, आणि पुढचा सारा खोपा त्या कडीवर उभा राहतो.

वसाहतीच्या कडेला, खालच्या झावळ्यांवर, मादीसारख्याच फिक्या रंगाचे काही पक्षीही विणण्याची खटपट करताना दिसतात. हे बहुधा गेल्या वर्षी जन्मलेले नर असावेत. त्यांचे वेढे सैल आहेत, पट्ट्या निसटून खाली पडतात, आणि कित्येकदा कडी पुरी होण्याआधीच काम सोडून दिलेले दिसते. आमच्या प्रकल्पाचा खरा विषय हे पक्षी आहेत.

त्यांच्या नातलगांवर झालेले एक काम येथे थेट उपयोगी पडते. निकोलस आणि एल्सी कोलियस या दांपत्याने आफ्रिकेतील व्हिलेज विव्हर या विणकर पक्ष्याची पिले पक्षिगृहात वाढवली आणि १९६४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही नरपिलांना वयाच्या जवळजवळ पहिल्या वर्षभर हिरवी पाती किंवा विणण्याजोगे काहीही मिळू दिले नाही. पुढे साहित्य हाती आले, तेव्हा ज्यांना सुरुवातीपासून पाती मिळाली होती त्यांच्या तुलनेत हे नर फारच मागे पडले. सुरुवातीला त्यांना एक पट्टीही धड विणता येईना. पट्टी चोचीत धरून फिरवण्याची ओढ मात्र दोन्ही गटांत होती. ओढ उपजत आणि हातोटी सरावाची, अशी ही विभागणी आहे, आणि मला ती "उपजत की शिकलेले" या नेहमीच्या वादापेक्षा कितीतरी उपयुक्त वाटते.

११ जुलै

मुसळधार पाऊस. बांधावर पाणी आल्यामुळे निरीक्षण झाले नाही. दुरून पाहता अर्धवट कड्या बऱ्याच गळून पडल्या आहेत असे दिसते.

१९ जुलै

शेताचे मालक असलेल्या काकांशी आज बराच वेळ बोलणे झाले. पक्ष्यांविषयी त्यांची तक्रार नाही. त्यांचा राग माकडांवर आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार घरामागच्या माडांवर येणारी माकडे कोवळ्या शहाळ्याला दातांनी भोक पाडून पाणी पितात आणि शहाळे टाकून देतात. त्यांच्या लहानपणी हे नव्हते. एका टोळीने ही विद्या काढली आणि ती आता साऱ्या वाड्यांवर पसरली, असे ते ठामपणे सांगतात. विद्यार्थ्यांना ही गोष्ट इतकी आवडली की तीच प्रकल्पात घ्यावी असा आग्रह सुरू झाला.

काकांचे निरीक्षण मी कमी लेखत नाही, कारण अशा गोष्टी घडल्याच्या पक्क्या नोंदी आहेत. जपानमधील कोशिमा बेटावर १९५३ साली इमो नावाच्या सुमारे दीड वर्षाच्या माकडिणीने वाळूने माखलेले रताळे पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली. १९५८ पर्यंत २ ते ७ वर्षे वयाच्या १९ माकडांपैकी १५ जण रताळी धुऊ लागले होते, परंतु तेव्हा प्रौढ असलेल्या ११ माकडांपैकी केवळ दोघांनी ती सवय उचलली. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या परिसरात पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे घराबाहेरच्या कचरापेट्यांची झाकणे उघडू लागले. २०१८ पूर्वी ही गोष्ट तीन उपनगरांतून कळवली गेली होती, २०१९ च्या अखेरीस ती ४४ उपनगरांत पोहोचली, आणि ती एका वस्तीतून लगतच्या वस्तीत अशी सरकत गेली.

तरी पसरणे हे पाहून शिकण्याचे पुरेसे प्रमाण ठरत नाही. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनजवळच्या स्वेदलिंग येथे १९२१ साली टिट पक्षी दारातल्या दुधाच्या बाटल्यांची बुचे फोडून साय खात असल्याचे प्रथम नोंदले गेले, आणि पुढे ही खोडी दूरवर पसरली. जेम्स फिशर आणि रॉबर्ट हाइंड यांनी १९४९ मध्ये तिचा आढावा घेतला. एक पक्षी दुसऱ्याचे पाहून शिकला, असाच बहुतेकांनी त्याचा अर्थ लावला. १९८४ मध्ये डेव्हिड शेरी आणि बेनेट गॅलेफ यांनी टिटच्याच कुळातील चिकडी पक्ष्यांसमोर झाकण आधीच फोडलेली सायीची डबी ठेवली. फोडणारा पक्षी त्यांना दिसलाच नाही, तरीही फुटक्या डबीतून खाल्लेल्या पक्ष्यांपैकी काही जण पुढे बंद डबी स्वतःच उघडू लागले. गुरू न दिसताही शिष्य तयार झाले, ते गुरूने मागे टाकलेल्या उष्ट्यामुळे.

काकांच्या माडाखाली पडलेली भोकाची शहाळी हे अगदी तशाच प्रकारचे उष्टे आहे. लहान माकडाला आईकडे पाहून कळते, की पडलेले भोकाचे शहाळे हाताळून कळते, की दात आणि तहान असल्यामुळे प्रत्येकाला आपापले सुचते, हे तीन मार्ग वेगळे काढल्याखेरीज "माकडे शिकली" एवढेच विधान करता येईल. माकडांवर वेगळा प्रकल्प होऊ शकतो. हा प्रकल्प सुगरणींचाच राहील.

२ ऑगस्ट

प्रौढ नर लहानांना शिकवतात का, हा प्रश्न आज चर्चेला घेतला. टिम कॅरो आणि मार्क हाउजर यांनी १९९२ मध्ये सुचवलेल्या अटी फळ्यावर लिहिल्या: जाणत्या प्राण्याने नवख्याच्या उपस्थितीतच आपले वागणे बदलले पाहिजे, त्यात त्याचा तात्काळ लाभ नसावा किंवा थोडी तोशीस असावी, आणि त्यामुळे नवखा अन्यथा शिकला असता त्यापेक्षा लवकर शिकला पाहिजे.

या अटी पुऱ्या करणारे प्राणी फार थोडे आहेत. आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटातील मीरकॅट (मुंगसाच्या कुळातला छोटा प्राणी) हे त्यांतले सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. अगदी लहान पिलांना मोठे मीरकॅट मेलेला विंचू देतात, थोड्या मोठ्यांना नांगी काढलेला जिवंत विंचू, आणि आणखी मोठ्यांना पुरता जिवंत. ॲलेक्स थॉर्नटन आणि कॅथरीन मकॉलिफ यांनी २००६ मध्ये दाखवले की मोठे मीरकॅट पिलाचे कौशल्य जोखत नाहीत. ते त्याच्या आवाजावरून वय ओळखतात. लहान पिले असलेल्या गटात मोठ्या पिलांचा आवाज ध्वनिक्षेपकावरून ऐकवला, तेव्हा त्यांना जास्त जिवंत विंचू मिळू लागले. शिक्षकाला शिष्याच्या मनात डोकवावे लागत नाही, तरी शिकवणे घडते. त्याच वर्षी मुंग्यांच्या एका जातीतही असे काम दाखवले गेले: अन्नाचा ठाव माहीत असलेली मुंगी नवखीला मागे घेऊन चालते, नवखीचा स्पर्श थांबला की स्वतः थांबते, आणि या खोळंब्याची किंमत म्हणून एकटी असती त्यापेक्षा कितीतरी हळू पोहोचते.

आमच्या माडांवर यातले काहीही दिसत नाही. प्रौढ नर कडेच्या तरुणांना जवळ येऊ देत नाहीत, संधी मिळाली तर त्यांच्या पट्ट्या पळवतात. कॅरो-हाउजर यांच्या कोणत्याही अटीत हे बसत नाही. पण कडेचा तरुण दिवसभर ज्या जागी बसलेला असतो तेथून त्याला विणणारे पक्षी, निरनिराळ्या अवस्थांतील खोपे, गळालेल्या कड्या आणि कापायला सोपी पाती हे सगळे एका दृष्टिक्षेपात असते. शिकवणारा कोणी नसताना शिकण्याची सोय मात्र भरपूर आहे. ही मधली जागा, जेथे ना सारे उपजत आहे ना कोणी शिकवत आहे, तीच मला रानातल्या शिक्षणाची मुख्य जागा वाटते, आणि अहवालाचा भर तिच्यावरच असावा असे मी विद्यार्थ्यांना सांगितले.

१७ ऑगस्ट

रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जाऊन आलो. खारफुटीच्या काठाला पाणमांजरांची विष्ठा आणि चिखलातले माग मिळाले, प्राणी दिसला नाही. चोडणच्या पाण्यात राहणाऱ्या याच जातीवर, म्हणजे गुळगुळीत अंगाच्या पाणमांजरांवर, ब्रिटनमधील प्राणिसंग्रहालयांत झालेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. अन्न ठेवलेल्या कोड्याच्या पेट्या उघडताना ही पाणमांजरे एकमेकांचे पाहून शिकली, आणि पिलांनी आपल्या आईवडिलांपेक्षा सुमारे सहापट लवकर पेट्या उघडल्या. लहान नख्यांच्या पाणमांजरांत मात्र असे पाहून शिकणे दिसले नाही. टोळीने मासे पकडणाऱ्या प्राण्याला शेजाऱ्याकडे लक्ष ठेवण्याची सवय असणे स्वाभाविक आहे, असे अभ्यासकांचे स्पष्टीकरण आहे. कोशिमाच्या रताळ्यांप्रमाणे येथेही नवे आधी लहानांनी उचलले, ही गोष्ट एका विद्यार्थ्याने स्वतःहून वहीत लिहिली.

७ सप्टेंबर

चवथीच्या सुट्टीमुळे नोंदींत खंड पडला. मधल्या काळात वरच्या झावळ्यांवरचे बरेच खोपे नळीसह पूर्ण झाले आहेत. कडेच्या तरुणांपैकी काहींनी टोपाच्या आकारापर्यंत मजल मारली आहे, आणि त्यांचे आताचे वेढे जुलैतल्या वेढ्यांपेक्षा घट्ट आहेत हे छायाचित्रे शेजारी ठेवली की स्पष्ट दिसते. मात्र हे तेच पक्षी आहेत याचा पुरावा आमच्याकडे नाही.

१४ सप्टेंबर

मानशीच्या दुरुस्तीसाठी बांधावरचा एक माड काढावा लागेल असे काकांनी सांगितले. हंगाम संपेपर्यंत थांबायला ते तयार आहेत. या निमित्ताने वसाहत उठली तर तरुण नरांचे काय होईल, या प्रश्नावर वर्गात बरीच चर्चा झाली.

जाणते नाहीसे झाल्यावर काय उरते, याचे काही भक्कम पुरावे आहेत. २०२३ मध्ये मधमाश्यांवर प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, अनुभवी माश्यांचे नृत्य पाहण्याची संधी न मिळालेल्या तरुण माश्या नाचल्या खऱ्या, पण गोंधळलेल्या. दिशेची चूक अनुभवाने कमी झाली. अंतर सांगण्यातली चूक मात्र त्यांच्यात आयुष्यभर राहिली. उत्तर अमेरिकेत व्हूपिंग क्रेन जातीच्या क्रौंचांची नव्याने वसवलेली पिले लहान विमानामागून उडवत पहिल्या स्थलांतराला नेण्यात आली. पुढच्या प्रवासांत, थव्यात एखादा वयस्क पक्षी असेल तर त्या थव्याची वाट कमी भरकटते, असे २०१३ मध्ये दाखवण्यात आले. तिथल्याच बिगहॉर्न या रानमेंढ्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. जुन्या कुरणांवरच्या कळपांतील बहुसंख्य मेंढ्या ऋतूप्रमाणे स्थलांतर करतात, आणि दुसरीकडून आणून सोडलेल्या कळपांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली असते. नव्या ठिकाणची हिरवळ कोठे व कधी येते हे कळपाला उमगायला काही दशके लागतात. दक्षिण आफ्रिकेतील पिलानेसबर्गमध्ये प्रौढांविना वाढलेल्या तरुण हत्तींनी १९९० च्या दशकात गेंडे मारायला सुरुवात केली, आणि वयस्क नर आणून सोडल्यावर ते थांबले. यात संप्रेरकांचाही भाग आहे, त्यामुळे ते निव्वळ शिकण्याचे उदाहरण म्हणून मी वापरणार नाही.

दुसऱ्या टोकाला आपल्याच तालुक्यातील मोरजीचा किनारा आहे. ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी पुरून निघून जाते, आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी वाळूतून वर आलेल्या पिलांना वाट दाखवणारे कोणीही नसते. ती उजळ क्षितिजाकडे धावतात. म्हणूनच किनाऱ्यावरचे विजेचे दिवे त्यांना भलतीकडे नेतात. ज्याला शिकवणारा नाही त्याची दिशा उपजत असावीच लागते, आणि भोवतालचा प्रकाश बदलला तर ती दुरुस्त करून घ्यायला वेळही मिळत नाही.

सुगरण या दोन टोकांच्या मध्ये कोठे बसते? माझा अंदाज असा की वसाहत उठली तरी तरुण नर कडी विणतील, कारण ओढ आतून येते आणि पाती सर्वत्र आहेत. झावळी कोणती निवडायची, वारा कोणत्या बाजूने झोडपतो, साप कोठवर चढतो, या गोष्टी मात्र जागेशी बांधलेल्या आहेत, आणि जुन्या वसाहतीच्या ठिकाणी परत येणाऱ्या पक्ष्याला त्या आयत्या मिळतात. हा अंदाज "जे वाटले" त्या पानावर लिहिला आहे.

२८ सप्टेंबर

अहवालाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य असे होते: "तरुण नरांचे विणकाम कच्चे असल्यामुळे माद्या त्यांचे खोपे नाकारतात." हे वाक्य आमच्या निरीक्षणातून निघत नाही, हे विद्यार्थ्यांनीच शोधावे म्हणून मी फक्त वसाहतीचा नकाशा पुढे ठेवला. थोड्या वेळाने उत्तर आले. उंच, बारीक टोकाच्या झावळ्या प्रौढांनी आधीच बळकावल्या आहेत, तरुणांना खालच्या जागा उरल्या आहेत. त्यामुळे मादीने विणकाम नाकारले की जागा नाकारली हे सांगता येत नाही. सुहेल क्वाडर यांनी भारतातील सुगरणींवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मादीच्या निवडीत खोप्याच्या बांधणीपेक्षा जागेला अधिक महत्त्व असल्याचे दिसले होते, ही माहिती मी त्यानंतर दिली.

बोट्सवानामधील सदर्न मास्क्ड विव्हर पक्ष्यांच्या चित्रफितींवरून २०११ मध्ये निघालेला निष्कर्षही मसुद्यात घेतला आहे. एकाच नराच्या एकामागून एक विणलेल्या घरट्यांची पद्धत बदलत होती, आणि अनुभव वाढला तशी त्याच्या चोचीतून पाती निसटण्याचे प्रमाण घटत होते. निसटलेल्या पट्ट्या हे मोजता येण्याजोगे माप आहे, आणि त्यासाठी खोप्याला हात लावावा लागत नाही.

९ ऑक्टोबर

सरद (पावसाळी) पीक पिवळे पडू लागले आहे आणि माडांवरची वर्दळ जवळजवळ थांबली आहे. अहवाल याच महिन्यात विद्यालयाकडे सोपवायचा आहे. तरुण नरांचे विणकाम हंगामाच्या ओघात सुधारलेले दिसले, असे त्यात लिहिले जाईल. तेच पक्षी सुधारले असे लिहिले जाणार नाही. पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घातल्याशिवाय हा फरक मिटणार नाही, आणि ते काम वनखात्याच्या परवानगीने, प्रशिक्षित माणसाच्या हातूनच होऊ शकते. परवानगीच्या अर्जाचा मसुदा बारावीच्या विद्यार्थ्यांनी करावा आणि तो डिसेंबरपूर्वी पाठवावा, म्हणजे उत्तर पावसाळ्याआधी हाती येईल. परवानगी मिळाली नाही, तर कडेच्या दोन ठराविक झावळ्यांखाली मच्छरदाणीचे कापड ताणून, रोज सकाळी त्यावर पडलेल्या पट्ट्या मोजायच्या. कापडासाठी काकांनी बांधावरची जागा देऊ केली आहे, फक्त भात रोवणी आटोपेपर्यंत खुंट ठोकू नयेत अशी त्यांची अट आहे.